गुरुवारच्या राऊंडला येण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा विद्यार्थ्यांचा गट दर गुरुवारी रात्री मिरज-सांगलीत रस्त्यावर राहणाऱ्या बेघर माणसांना तपासायला फिरतो. नवीन बॅच आली की तेच प्रश्न पुन्हा व्हॉट्सॲपवर येतात आणि मी रात्री बाराला तीच उत्तरं टाइप करत बसतो. माझी इंटर्नशिप संपत आली. जाण्याआधी सगळं एका जागी लिहून ठेवतोय, म्हणजे माझ्यानंतर पेशंटच्या नोंदींची वही सांभाळणाऱ्याची तरी झोप वाचेल. प्रश्न मुलांनी विचारले तसेच ठेवलेत, अवघड वाटले तरी.

गुरुवारी तुम्ही नेमकं करता काय?

रात्री साडेआठला मिरज स्टेशनबाहेर जमतो. आठ-दहा जण असतात. एमबीबीएसची मुलं, नर्सिंगच्या मुली, एखाददुसरा फिजिओचा, फार्मसीचे दोघे आणि एक नोंदणीकृत डॉक्टर. एका गुरुवारी स्टेशन आणि दर्ग्याचा परिसर, दुसऱ्या गुरुवारी सांगलीत एसटी स्टँड, गणपती मंदिराच्या आसपासचा भाग आणि कृष्णेचा घाट. बीपी, शुगर बघतो, जखमा धुऊन ड्रेसिंग करतो, खरूज-ताप-खोकला बघतो आणि ज्याला हॉस्पिटलची गरज आहे त्याचं नाव वहीत लाल पेनने लिहितो.

लाल पेनने नाव लिहिलं की दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी त्या माणसाबरोबर ओपीडीला जायचं असतं. केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं, रक्त कुठल्या खोलीत घेतात ते शोधायचं, एक्स-रे झाल्यावर परत त्याच डॉक्टरांसमोर बसवायचं. गुरुवारी मुलं धावत येतात. शुक्रवारी तीन जण मिळवताना माझ्या तोंडाला फेस येतो.

बेघर म्हणजे भिकारीच ना?

नाही. आपल्या वहीत हमाल आहेत, हॉटेलात भांडी घासणारे आहेत, लग्नसराईत वाढपी म्हणून जाणारे आहेत, भंगार गोळा करणाऱ्या बायका आहेत. दिवसभर राबतात आणि रात्री अंग टाकायला फुटपाथ. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार बेघर मोजले गेले, त्यातले ९ लाख ३८ हजार शहरांतले. ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्रीत झाली. त्या रात्री जो ट्रकच्या टपावर किंवा एखाद्या दुकानाच्या फळीमागे झोपला होता, तो त्यात आला असेल का, याचा विचार तुम्हीच करा.

मिरजेची आणखी एक गंमत आहे, गंमत म्हणवत नाही खरं तर. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथे दवाखाना उभा केला तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचं. कोकणातून, कर्नाटकातून, सोलापूरकडून माणसं उपचाराला येतात. आपल्याकडच्या तीन-चार जणांची कहाणी इथूनच सुरू होते. बायको वॉर्डात, नवरा बाहेर कट्ट्यावर, शेत आधीच गहाण. बायको गेली. गावात कुणाला तोंड दाखवायचं म्हणून माणूस कट्ट्यावरच राहिला. पहिल्यांदा तो पेशंटचा नातेवाईक होता, वर्षभराने लोक त्याला भिकारी म्हणायला लागले.

सरकारी कागदावर बेवारस, हॉस्पिटलात ‘अननोन’, रस्त्यावर वेडा नाहीतर भिकारी. आपल्या वहीत नाव लिहायचं. नाव सांगत नसतील तर ते सांगतील त्या हाकेने. हाक मारताना काका, मामा, मावशी, आज्जी, दादा. अरे-तुरे नाही. ‘ओ पेशंट’ तर अजिबात नाही.

मी फर्स्ट इयरला आहे, मला काही येत नाही. येऊ का?

या. बीपी मोजायला एका संध्याकाळी शिकवतो. वही लिहायला, टॉर्च धरायला, पाणी ओतायला माणूस लागतोच. आणि शुक्रवारच्या रांगेत उभं राहायला कुठलंही इयर चालतं. इंजिनिअरिंगचा एक मुलगा आमच्यात आहे, त्याच्याइतकी ओपीडीची वाट कुणालाच माहीत नाही.

विद्यार्थी औषध देऊ शकतात का?

स्वतःच्या मनाने एक गोळीसुद्धा नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा २०१९, कलम ३४ बघा. नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कायद्याची भीती बाजूला ठेवा. समोरच्या माणसाला कुणीच नाही म्हणून त्याच्यावर हात साफ करून घ्यायचा, हा विचार मनात येतो, थर्ड इयरला माझ्याही आला होता. तोच टाळायचा आहे. बरोबर डॉक्टर नसतील त्या गुरुवारी औषधाची पेटी उघडत नाही. जखम धुणं, पट्टी, बीपी-शुगरची नोंद, गप्पा आणि लाल पेन, एवढंच.

उरलेली औषधं घरोघरी गोळा केली तर चालतील?

नको. अर्ध्या स्ट्रिप्स येतात, एक्स्पायरीची तारीख नेमकी कापलेल्या बाजूला असते आणि निम्मी औषधं ॲसिडिटीची निघतात. पैसे द्या, आपण ठोक दुकानातून बिलासह घेतो.

कुठले आजार जास्त दिसतात?

पुस्तकात जे दुर्मिळ ते इथेही दुर्मिळच. दिसतात ते पाय. भेगा, फोड, चिखल्या, सुजलेली पावलं, मधुमेहाची जखम, कधी कुष्ठरोगाची. बोस्टनमध्ये डॉ. जिम ओकॉनेल १९८५ मध्ये बेघरांच्या कामाला एका वर्षासाठी म्हणून गेले. तिथल्या निवाऱ्यातल्या नर्स बार्बरा मॅकिनिस यांनी त्यांना स्टेथोस्कोप ठेवून द्यायला लावला आणि लोकांचे पाय कोमट पाण्यात धुवायला बसवलं. तो एक वर्षाचा वायदा काही संपला नाही, ते त्याच कामात राहिले. आपल्याकडे निळी प्लास्टिकची घमेली आहेत, मार्केटमधून आणलेली. ज्याच्या पायाला तुम्ही दहा मिनिटं हात लावलाय, तो अकराव्या मिनिटाला छातीत दुखतं ते सांगतो.

बाकी खरूज, उवा, जुना खोकला, कधीच न तपासलेला बीपी, दात, मोतीबिंदू. उन्हाळ्यात मार्केट यार्डाकडच्या हमालांना उन्हाचा त्रास. ओआरएसचं पूर्ण पाकीट एकदमच एक लिटर पाण्यात कालवायचं. अर्धं पाकीट अर्ध्या ग्लासात कालवून देणारे महाभाग दरवर्षी एक-दोन निघतात.

खरजेला मलम देऊन टाकायचं, त्यात काय अवघड?

पर्मेथ्रिन मानेपासून तळपायापर्यंत लावून रात्रभर ठेवायचं, सकाळी आंघोळ, कपडे बदलायचे, आठवड्याने पुन्हा. आता हे वाक्य फलाटाबाहेर झोपणाऱ्या बाईसमोर उभं राहून म्हणून बघा. ती कपडे कुठे काढणार? आंघोळ कुठे करणार? बदलायला दुसरं लुगडं कुठलं? म्हणून डॉक्टर बऱ्याचदा वजनाप्रमाणे आयव्हरमेक्टिनच्या गोळ्यांचा मार्ग घेतात, आणि आपण मलमाबरोबर एक जोडी कपडे देतो. काढलेले कपडे पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवले की किडे मरतात.

हेच सगळ्या औषधांचं. घर गृहीत धरून लिहिलेली चिठ्ठी रस्त्यावर चालत नाही. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी दिली की आज्जी दोन दिवसांत ती बंद करते, कारण रात्री तीनला जायचं कुठे? झोप आणणारी सर्दीची गोळी दिली की माणूस गाढ झोपतो आणि सकाळी त्याची पिशवी गायब असते. इन्सुलिन हा तर वेगळाच अध्याय. फ्रिज नाही, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. स्टेशनसमोरच्या एका चहाच्या गाड्यावर मातीच्या मडक्यात एका मामांची बाटली ठेवलेली असते. मामा सकाळी चहाला येतात, तिथेच टोचून घेतात. गाडेवाले काका आता आमच्यापेक्षा जास्त काटेकोर झालेत. परवा मलाच म्हणाले, ‘डॉक्टर, तुमची बाटली संपत आलीया, ध्यान हाय का?’

जखमेत अळ्या असतील तर?

घाबरू नका, चेहऱ्यावर तर अजिबात दाखवू नका. ओकारी आली तर टॉर्च दुसऱ्याच्या हातात द्या, जरा बाजूला जा, परत या. कुणी हसणार नाही.

मी पहिल्यांदा बघितलं ते एसटी स्टँडच्या मागे. पन्नाशीचे गृहस्थ, डाव्या पायाला बनियनची चिंधी गुंडाळलेली, भोवती माश्या. चिंधी सलाईनने भिजवून सोडवली तर अंगठ्याच्या खाली खड्डा, आणि खड्डा हलत होता. आमच्याबरोबरच्या डॉक्टर सरांनी टर्पेंटाइन लावलेला गॉज (जाळीदार कापड) वर ठेवला. त्याने अळ्या गुदमरून वर येतात, मग चिमट्याने एकेक काढायच्या. एकोणतीसपर्यंत मोजल्या, मग मोजणं सोडलं. ते गृहस्थ मजेत बिडी ओढत होते. मी विचारलं, ‘मामा, दुखतंय का?’ तर म्हणाले, ‘न्हाई की. कवाच दुखलं न्हाई.’ सरांनी माझ्याकडे बघितलं. निदान तिथेच झालं होतं. न दुखणारी जखम म्हणजे मधुमेह नाहीतर कुष्ठरोग, दोन्ही तपासायचे. शुगर लावली तर ग्लुकोमीटरवर आकडा आलाच नाही, इंग्रजीत ‘हाय’ आलं. शेजारच्या नवीन पोराला वाटलं मशीन नमस्कार करतंय. बहुतेक मशीन ६०० च्या वर गेलं की असं दाखवतात. आम्ही थेट १०८ ला फोन केला.

एका बैठकीत अळ्या संपत नाहीत, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघावं लागतं. टर्पेंटाइन डॉक्टरांच्याच हाताने. रॉकेल, फिनेल, तंबाखू असले रस्त्यावरचे उपाय कुणी करत असेल तर आधी ते थांबवा. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का हे दरवेळी विचारायचं.

माझी एक चूक सांगून ठेवतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. पहिल्या वर्षी एका काकांना सुंदर ड्रेसिंग केलं, पांढरंशुभ्र, आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, ‘दोन दिवसांनी बदलून घ्या.’ पुढच्या गुरुवारी तेच ड्रेसिंग, काळंकुट्ट, त्याच पायावर. मी रागावलो. काका शांतपणे म्हणाले, ‘कुठनं बदलू बाळा?’ तेव्हापासून ड्रेसिंग केलं की पुढचं कोण आणि कुठल्या वारी करणार, हे वहीत लिहिल्याशिवाय त्या माणसासमोरून उठायचं नाही.

आणि मी एकटाच असा नाही. एका दवाखान्यातून घरी सोडलेल्या बाईचा कागद आमच्या हातात आला. त्यावर लिहिलं होतं: विश्रांती घ्या, पाय उंचावर ठेवा, घरचा सकस आहार. कागद घेऊन ती ओव्हरब्रिजच्या जिन्यात बसली होती.

समोरचा माणूस ‘नको’ म्हणाला तर?

तर नको. ‘बरं मामा, पुढच्या गुरुवारी परत येतो’ एवढं म्हणायचं आणि खरोखर जायचं. अनेकांना आपण पकडून न्यायला आलोय असं वाटतं. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आपल्याकडे अजून आहे, त्यामुळे ओळखपत्र गळ्यात घालून घोळक्याने येणारी माणसं दिसली की ‘गाडी आली काय?’ हा पहिला प्रश्न असतो. म्हणून ॲप्रन घालायचा नाही. एका वेळी दोघांनीच जवळ जायचं, खाली बसायचं. उभं राहून बोलायचं नाही. एक पैलवान नावाचे बाबा (वहीत हेच नाव आहे) सात गुरुवार नको म्हणाले. आठव्या गुरुवारी त्यांनी आपणहून शर्टाची बाही वर केली. बीपी २१० होता.

दारू पिणाऱ्यांना कशाला बघायचं? औषध वाया जातं.

जात नाही. पण तुम्ही जोशात येऊन ‘उद्यापासून बंद करा’ असं मात्र सांगू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम, घाम, थरथर सुरू होऊन जीवही जाऊ शकतो. सोडायची तर हॉस्पिटलात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तोवर थायमिन (बी-१ जीवनसत्त्व), जेवण, पाणी. पडलेल्या माणसाला ‘प्यालाय, झोपू द्या’ म्हणून पुढे जायचं नाही. शुगर बघायची, डोक्याला मार आहे का बघायचं. दारूचा वास येणाऱ्या माणसाच्याही मेंदूत रक्तस्राव होतो.

स्वतःशी बोलणारे, कचरा अंगावर घेऊन फिरणारे दिसतात. त्यांचं काय?

आपल्या कामातला सगळ्यात हळू चालणारा भाग. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १०० पाठ करून ठेवा. असा माणूस फिरताना दिसला आणि तो स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असं वाटलं, तर त्याला संरक्षणाखाली घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत नेणं हे पोलीस ठाण्याच्या प्रभारींचं कर्तव्य आहे. तो बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरचे शोधणंही त्यात येतं. ठाण्यात जाताना भांडायला जायचं नाही, कलमाची प्रत घेऊन जायची. साहेबांना वाचायला द्यायची, चहा आला तर प्यायचा.

आपल्याला जवळचं प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणजे रत्नागिरी, आंबा घाट उतरून. मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागातच बरंचसं भागतं. बरं झाल्यावर ही माणसं घराचा पत्ता सांगतात, हे मला आधी खरं वाटायचं नाही. डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था १९८८ पासून रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवते, त्यासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या वहीत अशी एकच नोंद आहे. एक ताई, गुलबर्ग्याकडची. तीन महिन्यांच्या औषधानंतर एका गुरुवारी तिने भावाचा मोबाइल नंबर सांगितला, सलग दहा आकडे. फोन लावला तर पलीकडे बराच वेळ कुणी बोललंच नाही.

तुम्हालाच कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलतात.

कन्नड येत नाही. अडेल का?

थोडं अडेल. ‘ऊट आतेन्री?’ म्हणजे जेवण झालं का, एवढं शिकून या. पुढचं तेच बोलतात.

टीबीचा संशय आला तर?

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीचे नमुने. डबी आपल्याकडे असते. निदान झालं की सरकारच्या नि-क्षय या टीबीच्या पोर्टलवर नोंद होते, औषध सरकारकडून मोफत, साधारण सहा महिने. पोषणासाठी महिन्याला पूर्वी पाचशे रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून हजार. ते बँक खात्यात जमा होतात, आणि इथेच घोडं अडतं. खात्याला आधार, आधारला पत्ता, पत्त्याला घर. तोवर अंडी-शेंगदाण्याचा खर्च गटाच्या पैशांच्या डब्यातून.

गोळ्या रोज कुणासमोर घेणार हे आधी ठरवा. एका दादांची पाकिटं दर्ग्याजवळच्या फुलवाल्या मावशींकडे असतात. सहा महिने आमच्यातलं कुणी ना कुणी दर दोन दिवसांनी तिथून जायचं. हारवाल्या गर्दीत मावशी लांबूनच मान हलवून सांगायच्या, घेतली म्हणून. दादा आता कुपवाडला एका कारखान्यात रात्रपाळीला आहेत. माझ्या पाच वर्षांतलं हे एक काम पूर्ण झालं असं मी म्हणेन.

केसपेपरवर पत्ता काय लिहायचा? आधार नसेल तर दाखल करून घेतात का?

तातडीच्या पेशंटला कागदासाठी अडवता येत नाही. खिडकीवर कुणी अडवलंच तर आवाज न चढवता समाजसेवा अधीक्षकांची खोली गाठायची, प्रत्येक सरकारी मोठ्या हॉस्पिटलात हे पद असतं आणि त्यांना यातले रस्ते माहीत असतात. पत्ता म्हणून तो जिथे झोपतो ती जागा खुणेसह लिहायची: ‘मिरज स्टेशन, रिक्षा थांब्यामागे’. मोबाइल नंबर गटाचा द्यायचा, स्वतःचा नाही. स्वतःचा दिला तर रिपोर्टचे फोन तुम्हाला लग्नातसुद्धा येतील, अनुभव आहे.

कागद हरवतात, भिजतात, चोरीला जातात. म्हणून आपण पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर नाव, आजार, औषध, ॲलर्जी आणि पुढची तारीख लिहून त्याला दोन्ही बाजूंनी सेलोटेप मारतो आणि नाडी लावून देतो. एक आज्जी ते कार्ड देवाच्या ताईताबरोबर गळ्यात घालते. कुणी विचारलं तर ‘माझं रेशनकार्ड’ म्हणते.

कुत्रा चावला तर?

साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही नाही. मग त्याच रात्री सरकारी दवाखान्यात, लस मोफत असते. कातडीत द्यायच्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. रक्त आलं असेल तर जखमेत सीरमही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. घोळ होतो तो अठ्ठाविसाव्या दिवशी, कारण तोवर माणूसही विसरतो आणि आपणही. गटाच्या कॅलेंडरवर टाका.

त्यांना निवारा केंद्रात का नेत नाही?

जे तयार असतात त्यांना नेतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून आलेला निकष असा की शहरात एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा. २०११ मध्ये सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या पाच लाखांवर होती, हिशेब तुम्हीच करा. पण जागा असूनही लोक येत नाहीत, त्याची कारणं विचारून बघा. कुणाचं कुत्रं आहे, कुणाचं गाठोडं आत घेत नाहीत, कुणाची पहाटे चारची हमाली आहे आणि दार सहाला उघडतं. नवरा-बायको असतील तर वेगळं झोपावं लागतं. मला ही कारणं हट्टाची वाटत नाहीत.

पुराच्या वेळी काय करायचं?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, २०२१ च्या जुलैमध्ये परत पाणी शहरात शिरलं. तेव्हा मी शाळेत, मग ज्युनिअर कॉलेजला होतो, हे काम नंतर शिकलो. पण घाटावरचे जुने लोक सांगतात ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. पाणी चढायला लागलं की सगळ्यात आधी त्यांनाच उठावं लागतं, आणि ओसरल्यावर पंचनामा घरांचा होतो. वाहून गेलेल्या गाठोड्याचा पंचनामा कोण करणार?

पावसाळ्यात पाणी वाढण्याची बातमी आली की आपली दोन कामं. घाटावर आदल्या दिवशी जाऊन सांगणं, आणि बीपी-शुगर-टीबी-फिटच्या गोळ्या प्लास्टिकमध्ये बांधून देणं. पाणी ओसरल्यावर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) भीती असते. पुराच्या पाण्यात वावरलेल्यांना तो टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक द्यायचं का, हे डॉक्टर ठरवतात. ताप, डोळे लाल, पोटऱ्या दुखणं दिसलं तर लाल पेन.

मुलींनी रात्री यावं का? घरचे नाही म्हणतात.

आमच्यात निम्म्याहून जास्त मुलीच आहेत, आणि बायका पेशंट त्यांच्याशिवाय बोलत नाहीत. पॅड, अंगावरून जाणं, गरोदरपण, कुणी त्रास दिला ते, यातलं काही एक मला कुणी सांगणार नाही. नियम साधे. एकटं कुणी कुठे जायचं नाही, साडेदहाला सगळे परत, होस्टेलपर्यंत सोडणारा ठरलेला, आरपीएफला (रेल्वे सुरक्षा दल) आणि पोलीस चौकीला आधी कळवलेलं. घरच्यांशी मी फोनवर बोलतो. माझ्याच आईने पहिलं वर्षभर ‘तुला खरूज होईल’ म्हणून वेगळी बादली ठेवली होती. खरूज झाली, एकदा. बरी पण झाली.

पैसे मागितले तर द्यायचे?

राऊंडवर नाही. औषधाला आलेला माणूस आणि पैसे वाटणारा माणूस यात गल्लत झाली की पुढच्या वेळी बीपीची रांग लागत नाही. बिस्किटं आपल्या पेटीत असतात. शुगर कमी झालेल्यांसाठी आहेत ती, स्वतः खाऊ नका. (फार्मसीवाले, तुम्हालाच सांगतोय.)

फोटो काढू का?

नाही. पाठमोरे पण नाही, ‘चेहरा ब्लर करून’ पण नाही, रील तर नाहीच. जखमेचा फोटो सरांना पाठवायचा असेल तर विचारून, गटाच्या फोनवरून.

सर्टिफिकेट मिळतं का?

नाही.

कुणी वारलं तर?

होतं. थंडीत जास्त. पहिल्या वेळी काय वाटेल ते तुम्हाला आधी सांगून उपयोग नाही, त्या रात्री सगळे मिळून चहाला बसतो, एवढीच पद्धत आहे.

पण एक गोष्ट मेडिकलच्या मुलांनी माहीत करून घ्यावी. १९४९ च्या ॲनाटॉमी कायद्यानुसार बेवारस मृतदेह शिक्षणासाठी मेडिकल कॉलेजला देता येतात. फर्स्ट इयरला ज्या टेबलाभोवती आपण उभे राहतो, तिथे देहदान केलेले असतात तसे हेही असतात. पैलवान बाबांनी हे कुठूनतरी ऐकलं होतं. एकदा बीपी मोजताना त्यांनी मला विचारलं, ‘मी मेल्यावर तुमच्याच कालेजात येणार व्हय?’ मला काही सुचेना. मग तेच म्हणाले, ‘न्हाई, वळखीचं कोण तरी असंल म्हणून इचारलं.’

ज्यांना नातेवाईक आहेत त्यांचा नंबर वहीत मागच्या पानावर घ्या. न भांडता, हळूहळू, दोन-चार महिन्यांत मिळतो.

पहिल्या दिवशी काय आणू?

बोटं पूर्ण झाकणारे बूट, टॉर्च, पाण्याची बाटली, एक पेन. दागिने, महागडं घड्याळ नको. पोटभर जेवून या, रिकाम्या पोटी वास सहन होत नाही. हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस झाली नसेल तर आधी घ्या. ग्लोव्ह्ज, मास्क आपल्याकडे आहेत. आणि येण्याआधी तुमचं शुक्रवारचं टाइमटेबल मला पाठवा. सकाळी नऊ ते एक कुणाला मोकळं आहे ते बघून केसपेपरच्या खिडकीवरची पाळी लावायची आहे, या महिन्यात अजून दोन शुक्रवार रिकामे आहेत.